उंच पर्वतात दोघांची वाटचाल

हिमालयात पायी हिंडावयास जाणाऱ्यांत पतिपत्नींच्या जोड्या पुष्कळ असतात. मोठ्या मोहिमेचा खर्च, शिस्त आणि गर्दी त्यांना नको असते. तंबू, शिधा आणि आवश्यक ती परवानगी घेऊन दोघांनीच डोंगरात आठ-दहा दिवस काढावेत, ही त्यांची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर पर्वताचे नियम बदलतात. सखल प्रदेशातील डोंगरांवर मिळविलेला अनुभव तेथे अंशतःच उपयोगी पडतो. सह्याद्रीतील कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, आणि दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर अनैमुडी २,६९५ मीटर. लडाखचे लेह शहर मात्र सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे विमानतळावर उतरणारा प्रवासी एकही पाऊल न चढता दक्षिणेतील प्रत्येक शिखराच्या वर पोहोचलेला असतो. या उंचीवर शरीराचे काय होते आणि दोनच माणसे बरोबर असताना त्यांनी एकमेकांची काळजी कशी घ्यावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

हवा विरळ होते म्हणजे काय

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. समुद्रकाठी हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तो तितकाच असतो. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. लेहच्या उंचीवर तो त्याच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो आणि ५,५०० मीटरवर जवळजवळ निम्मा होतो. दाब कमी झाला की तेवढ्याच श्वासात प्राणवायूचे कमी रेणू फुप्फुसात जातात आणि रक्ताला त्यांचा पुरवठा अपुरा पडू लागतो.

दाब घटल्याचे इतर परिणामही प्रवाशाच्या लवकरच प्रत्ययास येतात. ४,७०० मीटरच्या सुमारास पाणी सुमारे ८५ अंश सेल्सियसलाच उकळते, म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही आणि प्रेशर कुकर ही तेथे चैनीची वस्तू राहत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. हवा विरळ व कोरडी असल्याने सूर्याची जंबुपार किरणे अधिक तीव्र असतात. बर्फावरून ती परावर्तित झाली म्हणजे काळ्या चष्म्यावाचून काही तासांतच डोळे सुजून मिटतात.

शरीर कसे जुळवून घेते

रक्तातील प्राणवायू कमी झाल्याची पहिली वर्दी मानेतील रोहिणीजवळच्या सूक्ष्म ग्रंथींना मिळते. श्वास अधिक जलद व खोल होऊ लागतो. त्यामुळे प्राणवायू अधिक मिळतो खरा, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही अधिक प्रमाणात बाहेर टाकला जातो. परिणामी रक्ताची अल्कता वाढते आणि श्वासाला लगाम बसतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती अल्कधर्मी क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यासाठी काही तास पुरत नाहीत, काही दिवस लागतात. उंचीवर पोहोचल्यावर लघवीचे प्रमाण वाढणे हे म्हणून सुचिन्हच समजावे. पुढे तांबड्या रक्तपेशींची संख्या वाढते, परंतु त्या बदलाला आठवडे लागतात.

या सर्व प्रक्रियेला अनुकूलन म्हणतात. तिची घाई करता येत नाही. निरोगी, व्यायामी, तरुण माणसाचे अनुकूलन लवकर होते असे मुळीच नाही. उलट अशी माणसे वेगाने चढतात आणि म्हणूनच अधिक वेळा आजारी पडतात. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच ताटातले अन्न खाणाऱ्या दोघांचेही अनुकूलन सारख्या वेगाने होईल याची खात्री नसते. कोणाचे शरीर किती लवकर जुळवून घेईल, हे सखल प्रदेशात बसून सांगता येत नाही. पूर्वी त्याच उंचीवर काय घडले होते, हाच त्यातल्या त्यात विश्वासार्ह पुरावा होय.

विरळ हवेची तीन प्रकारची बाधा

भारतीय वैद्यकाने या विषयात मोलाची भर घातली आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या काळात सखल प्रदेशातील सैनिकांना फार थोड्या अवधीत हिमालयातील ठाण्यांवर न्यावे लागले. त्यांच्यापैकी अनेकांना शत्रूआधी हवेने गाठले. लष्करी वैद्य इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला. विरळ हवेच्या बाधेवरील मूलभूत लिखाणात त्याची आजही गणना होते. त्यानंतर १९७६ मध्ये पीटर हॅकेट व ड्रमंड रेनी यांनी नेपाळातील फेरिचे या ४,२४३ मीटर उंचीच्या गावी एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या २७८ प्रवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्के प्रवाशांना कमीअधिक बाधा झालेली होती. खालून चालत आलेल्यांपेक्षा लुकला येथे विमानाने उतरलेल्यांत तिचे प्रमाण जास्त आढळले.

बाधेचा पहिला प्रकार सौम्य असतो. उंचीवर पोहोचल्यानंतर काही तासांनी डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, थकवा वाटतो, चक्कर येते. विश्रांती घेतली व अधिक चढणे थांबविले, तर बहुधा एकदोन दिवसांत बरे वाटते.

दुसऱ्या प्रकारात मेंदूला सूज येते. डोकेदुखी औषधाला दाद देत नाही, वांत्या होतात, बोलणे असंबद्ध होते, माणूस सुस्त पडतो आणि त्याचा तोल जाऊ लागतो. यासाठी एक साधी परीक्षा आहे. सपाट जागेवर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावीत, सरळ रेषेत चालावयास सांगावे. निरोगी माणसाला हे सहज जमते. ज्याला ते जमत नाही तो गंभीर आजारी आहे असे समजून ताबडतोब खाली उतरवावे.

तिसऱ्या प्रकारात फुप्फुसात पाणी साचते. हा विकार बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री किंवा त्यानंतर डोके वर काढतो. आरंभी फक्त एवढेच दिसते की, काल बरोबरीने चालणारा माणूस आज मागे पडतो. नंतर कोरडा खोकला येतो आणि स्वस्थ बसले असतानाही धाप लागते. ओठ व नखे निळसर होतात, छातीत खरखर ऐकू येते, शेवटी गुलाबी फेसाळ कफ पडतो. डोकेदुखी असलीच पाहिजे असे नाही. ‘सर्दी झाली आहे’ किंवा ‘छाती भरली आहे’ या समजुतीवर रात्र काढणे येथे प्राणघातक ठरू शकते.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारावर खरा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे खाली उतरणे. तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर पुष्कळदा आश्चर्यकारक उतार पडतो. प्राणवायूची नळकांडी, दाब वाढविणारी फुगीर पिशवी, डेक्सामेथासोन व निफेडिपीन ही औषधे यांचा उपयोग होतो, पण ती उतरण्याची जागा घेऊ शकत नाहीत. ॲसिटाझोलामाइड हे औषध अनुकूलनास साहाय्य करते. ते निघण्यापूर्वी वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे, आणि सल्फा औषधांचे वावडे असणाऱ्याने तसे आधी सांगावे.

स्वतःची परीक्षा स्वतःला करता येत नाही

प्राणवायूच्या न्यूनतेचा सर्वांत मोठा धोका असा की, ती ज्या मेंदूला अपंग करते त्याच मेंदूवर तिला ओळखण्याची जबाबदारी असते. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून गास्ताँ तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल हे तिघे आठ हजार मीटरच्या वर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या. प्राणवायू कधी घ्यावा हेही त्यांना ठाऊक होते. परंतु प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा हात उचलून नळी तोंडाशी नेण्याचेही त्राण त्यांच्यात उरले नव्हते. तिघेही बेशुद्ध झाले आणि एकटे तिसांदिए वाचले. त्या अवस्थेत वेदना होत नाहीत, उलट एक प्रकारचा आनंद वाटतो, असे त्यांनी पुढे नमूद केले. विरळ हवेत माणूस मरतो तो दाबाच्या घटीने नव्हे, तर प्राणवायूच्या अभावाने, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला.

पदभ्रमण करणाऱ्यांच्या वाट्याला इतकी उंची येत नाही, पण तत्त्व तेच असते. ‘मला काही झालेले नाही’ हे आजारी माणसाचे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. दुसऱ्याचे डोळे आवश्यक असतात. याच ठिकाणी जोडीने जाण्याचा मोठा लाभ दिसून येतो. पत्नीची रोजची चाल, पतीचा रोजचा आवाज, भूक, चिडचिड, झोप या साऱ्यांची दोघांना इतकी सवय असते की, त्यांत पडलेला लहानसा फरकही परक्या वाटाड्याच्या आधी त्यांच्या ध्यानी येतो. चहात साखर घालावयाची विसरणे, बुटाची नाडी बांधताना पुन्हापुन्हा अडखळणे, नेहमी बोलका असणारा माणूस गप्प होणे या गोष्टी घरी दुर्लक्ष करण्याजोग्या असतात. चार हजार मीटरवर त्यांची दखल घ्यावयास हवी.

परंतु याच जवळिकीत दोषही आहे. वर्षभर पैसे साठवून, रजा जुळवून, मुलांना आजोळी ठेवून दोघे निघालेले असतात. आपल्या डोकेदुखीमुळे जोडीदाराचा सारा बेत मोडावा, हे पटत नाही, म्हणून दुखणे लपविले जाते. पुरुषाला आपण कमी पडलो असे दिसू द्यावयाचे नसते. ‘बायकांना हे झेपत नाही’ असे कोणी म्हणू नये म्हणून स्त्री निमूटपणे चालत राहते. दुसरा ते ओळखतो, पण जोडीदाराला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. अशा रीतीने दोघांच्याही मायेपोटी आजार एक रात्र पुढे सरकतो, आणि बहुधा तीच रात्र महत्त्वाची असते.

काही पूर्वसूरी

पतिपत्नींनी मिळून उंच पर्वतात जाण्याची प्रथा अलीकडची नाही. अमेरिकेतील फॅनी बुलक वर्कमन (१८५९–१९२५) आणि त्यांचे पती, वैद्य विल्यम हंटर वर्कमन (१८४७–१९३७), यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलवरून भारत पाहिला. पुढे १९१२ पर्यंत त्यांनी हिमालय व काराकोरम पर्वतांत अनेक मोहिमा केल्या. १९०६ साली नून-कून पर्वतसमूहातील पिनॅकल शिखरावर, सुमारे ६,९३० मीटरवर, फॅनीबाई पोहोचल्या तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या कामाची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. मोहिमेचे नेतृत्व दोघांकडे आळीपाळीने असे. एकाने व्यवस्था पाहावी, तर दुसऱ्याने छायाचित्रे व शास्त्रीय नोंदी सांभाळाव्यात, असा प्रघात होता. १९१२ च्या सियाचीन मोहिमेचे नेतृत्व फॅनीबाईंचे होते. सुमारे ६,४०० मीटर उंचीवर स्त्रियांना मताधिकार मागणारे वृत्तपत्र हाती धरून त्यांनी छायाचित्र काढवून घेतले, ते प्रसिद्धच आहे. हमालांशी मात्र या दांपत्याचे वारंवार खटके उडत. डोंगरातील माणसांच्या श्रमाकडे कसे पाहू नये, याचाही धडा त्यांच्या लेखनातून मिळतो.

१९३४ मध्ये काराकोरममधील मोहिमेत हेटी डायरेनफुर्थ यांनी ७,३०० मीटरच्या आसपासची उंची गाठून स्त्रियांचा नवा उच्चांक प्रस्थापित केला. त्यांना व त्यांचे पती गुंटर यांना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणाचे पारितोषिक मिळाले. ७ ऑक्टोबर १९९० रोजी आंद्रेय व मारिया श्त्रेमफेल हे स्लोव्हेनियाचे दांपत्य एव्हरेस्टच्या शिखरावर एकत्र पोहोचले. असा मान मिळविणारे ते पहिले पतिपत्नी होत.

प्रकृती, गती आणि ओझे

निघण्यापूर्वी दोघांनीही प्रकृती तपासून घ्यावी. हृदयविकार, दमा, उच्च रक्तदाब असल्यास वैद्याचा स्पष्ट सल्ला घ्यावा. भारतात आणखी एका गोष्टीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच अपुरे असेल तर विरळ हवेत दुहेरी ओढाताण होते. दोन-तीन महिने आधी रक्त तपासून उपचार सुरू केल्यास ही उणीव भरून काढता येते. पुष्कळदा ‘तिला चालण्याची सवय नाही’ असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ सवयीत नसून रक्तात असते. प्रवास, थंडी व श्रम यांमुळे मासिक पाळी मागेपुढे होऊ शकते, म्हणून लागणारे साहित्य बरोबर असावे. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने दीर्घकाळ उंचीवर राहण्यापूर्वी वैद्याला विचारावे, आणि गरोदरपणी असा प्रवास टाळणेच बरे.

चालण्याची गती दोघांपैकी जो मंद असेल त्याने ठरवावी. तो पुढे चालेल, दुसरा मागे. याच्या उलट केले तर पुढचा माणूस वळणावर थांबून विसावतो, मागचा धापा टाकीत पोहोचला की लगेच उठतो, आणि ज्याला विश्रांतीची गरज असते त्यालाच ती मिळत नाही. चालता चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, हे योग्य गतीचे गमक होय.

ओझ्याची वाटणी निम्मीनिम्मी करू नये, ती शक्तीप्रमाणे करावी. तंबू, स्टोव्ह व इंधन ही सामाईक वस्तू बळकट माणसाकडे असावी. मात्र दोघांच्याही पाठीवर स्वतःचे गरम कपडे, पाणी, थोडे खाणे, विजेरी व आवश्यक औषधे असावयास हवीत. सारी औषधे एकाच्या पिशवीत आणि सारे खाणे दुसऱ्याच्या, अशी घरगुती वाटणी धुक्यात चुकामूक झाली की घातक ठरते.

एक उदाहरण : मारखा खोरे

नियम प्रत्यक्षात कसा लागू करावयाचा, हे लडाखमधील मारखा खोऱ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जाणारी ही वाट असून, वाटेतील गावांमध्ये प्रवाशांची घरगुती सोय होते. तीन हजार मीटरच्या वर, मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा आज सर्वमान्य असलेला नियम आहे. यात मोजावयाची ती झोपण्याच्या जागेची उंची. दिवसा त्याहून वर जाऊन परत यावयास हरकत नाही.

दिल्लीहून विमानाने लेहला यावयास सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्यात प्रवासी तीन हजार मीटरहून अधिक वर आलेला असतो. म्हणजे नियमाचा भंग आरंभीच झालेला असतो. त्याची भरपाई लेहमध्ये किमान तीन रात्री काढून करावयाची असते. पहिला दीड दिवस शक्यतो पडून राहावे. मनालीहून मोटारीने येणेही वाटते तितके सौम्य नाही. वाटेत सरचू येथे, ४,२०० मीटरच्या वर, मुक्काम पडला तर ती रात्र पुष्कळांना जड जाते.

चौथ्या दिवशी चिलिंगवरून स्क्यू गाठावे. हे गाव सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा किंचित खालीच आहे. पुढचा टप्पा लांबलचक असल्याने सारा येथे तो तोडावा आणि नंतर सुमारे ३,८०० मीटरवरील मारखा गावी जावे. तेथून हंकर सुमारे ४,००० मीटरवर, आणि थचुंगत्से सुमारे ४,२५० मीटरवर आहे. यानंतरची निमालिंग ही कुरणे ४,७०० मीटरच्या वर आहेत. कांग यात्से शिखराखालच्या या विस्तीर्ण माळावर उन्हाळ्यात गुराखी जनावरे घेऊन येतात. हंकरहून थेट निमालिंगला जाणारे पुष्कळ असतात, पण तसे केल्यास एका दिवसात सातशे मीटरहून अधिक उंची वाढते. थचुंगत्से येथे थांबणे, आणि जमल्यास तेथे एक दिवस जादा काढणे, हेच शहाणपणाचे. शेवटच्या दिवशी सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू खिंड ओलांडून शांग सुमदोकडे उतरावयाचे असते. अलीकडे मोटाररस्ता खोऱ्यात शिरल्याने चालण्याचे एकदोन दिवस वाचविण्याचा मोह होतो. वाचतात ते दिवस नेमके अनुकूलनाचे असतात, हे विसरू नये.

आता समजा, निमालिंगला रात्री दोघांपैकी एकाला धाप लागली. खिंड ओलांडली की पलीकडे मोटार मिळेल आणि लेह जवळ येईल, असा विचार प्रथम मनात येतो. तो चुकीचा आहे. खिंडीपर्यंत चारशे मीटरहून अधिक चढ आहे आणि आजारी फुप्फुसांना तोच सोसणार नाही. अशा वेळी आल्या वाटेने हंकरकडे उतरावयाचे असते, मग लेह कितीही दूर पडो. जवळचा रस्ता आणि खाली जाणारा रस्ता हे नेहमी एकच नसतात. प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर, अंधार पडण्यापूर्वी, ‘आज रात्री उतरावे लागले तर कोणत्या वाटेने?’ या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही ठाऊक असावे.

या प्रसंगात दोघांच्याच पथकाची खरी दुर्बलता उघडी पडते. एक आजारी पडला, तर मदत आणावयास जाणारा आणि रुग्णाजवळ थांबणारा असे दोन निरोगी लोक हवेत, आणि शिल्लक असतो फक्त एक. रुग्णाला एकटे सोडू नये आणि एकट्याने खालीही पाठवू नये. यास्तव स्थानिक वाटाड्या किंवा घोडेवाला बरोबर घेणे ही चैन नव्हे. त्याचे घोडे प्रसंगी रुग्णालाही वाहून नेते. दूरध्वनीची सेवा अशा खोऱ्यांत भरवशाची नसते, आणि परवानगीवाचून उपग्रह दूरध्वनी बाळगण्यास भारतात मनाई आहे. म्हणून आपला मार्ग व परतण्याचा दिवस लेहमध्ये जबाबदार व्यक्तीजवळ लिहून ठेवावा.

तंबूतील रात्र

उंचीवरच्या पहिल्या काही रात्री झोप तुटक लागते. शेजारी झोपलेल्याचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होतो, आणि काही सेकंद पूर्णपणे थांबतो. नंतर दीर्घ उसासा टाकून पुन्हा सुरू होतो. अंधारात हे ऐकणारा जोडीदार भयभीत होतो. परंतु हा आवर्ती श्वास या उंचीवर बहुतेकांना असतो आणि एरवी प्रकृती ठीक असेल तर त्यात भिण्यासारखे काही नाही. भिण्याचा आवाज निराळा असतो. जागेपणीही न थांबणारी धाप, छातीतील बुडबुड्यांसारखी खरखर, आणि हाक मारूनही नीट न मिळणारे उत्तर, या तीन गोष्टी ऐकू आल्यास सकाळची वाट पाहू नये.

झोप यावी म्हणून मद्य किंवा वैद्याला न विचारता झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांनी श्वास मंदावतो. थंडी असली तरी तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र आता सहज मिळते. त्याचा उपयोग जरूर करावा, परंतु थंड बोटांवर ते चुकते. दोघांच्या आकड्यांची तुलना करून कोणी हुरळून किंवा खचून जाऊ नये. अंक चांगला आणि माणूस आजारी असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा.

निघण्यापूर्वीचा करार

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींचे सार असे की, उंचीवर निर्णय घेण्याची शक्ती क्षीण होते, म्हणून महत्त्वाचे निर्णय सखल प्रदेशातच घेऊन ठेवावेत. दोघांनी घरी बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात आणि शक्य तर कागदावर लिहाव्यात.

१. डोके दुखू लागल्यास ते त्याच दिवशी सांगावे. सांगणे हा कमीपणा नव्हे, ते कर्तव्य आहे.

२. रोज सकाळी व संध्याकाळी दोघांनी एकमेकांना ठरावीक प्रश्न विचारावेत : डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का, खोकला आहे का. संशय आल्यास टाच-अंगठ्याची परीक्षा घ्यावी.

३. बाधेची लक्षणे असताना त्या दिवशी अधिक वर चढून मुक्काम करू नये.

४. विश्रांती घेऊनही लक्षणे वाढत असल्यास खाली उतरावे. तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच क्षणी, रात्र असली तरी उतरावे.

५. परत फिरण्याचा निर्णय दोघांपैकी कोणा एकाचाही पुरेसा असतो. पुढे जाण्याचा मात्र दोघांचा लागतो.

६. एक उतरला की दुसरा उतरतो. ‘तू थांब, मी खिंड पाहून येतो’ हे वाक्य करारात बसत नाही.

७. परतल्यानंतर कोणामुळे परतलो, याचा उल्लेख टोमणा म्हणून करू नये.

यांतील शेवटचे कलम वैद्यकशास्त्रात सापडणार नाही, तरी त्याचे महत्त्व कमी नाही. एकदा परत फिरल्याबद्दल ज्याला घरी वर्षभर ऐकून घ्यावे लागते, तो पुढच्या वेळी दुखणे लपवितो. मागील प्रवासातील टोमणा अशा रीतीने पुढील प्रवासातील आजाराचे कारण होतो.

बाकी तयारी सर्वांना सारखीच आहे. दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी प्यावे, भूक नसली तरी थोडेथोडे खावे, ओले कपडे त्वरित बदलावेत, कचरा परत आणावा आणि गावकऱ्यांच्या शेतांचा व देवस्थानांचा मान राखावा. उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था आणि दार्जिलिंग येथील हिमालयन गिर्यारोहण संस्था यांसारख्या ठिकाणी गिर्यारोहणाचे शिक्षण मिळते. दोघांपैकी एकाने तरी असे शिक्षण घेतलेले असल्यास फार उपयोग होतो, आणि दोघांनीही घेतले असल्यास उत्तमच.

खिंडी पुढील वर्षीही तेथेच असतात. अनुकूलनाला हवे तेवढे दिवस देणाऱ्या आणि परत फिरण्याची लाज न बाळगणाऱ्या जोडप्याला त्या केव्हातरी ओलांडता येतात. दोघांनी निघून दोघांनीही सुखरूप घरी पोहोचणे, हेच अशा प्रवासाचे पहिले उद्दिष्ट मानले पाहिजे. खिंड ओलांडणे हे त्यानंतरचे.